पठारावरच्या वाटांचा नकाशा काढून देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून:

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगरपट्ट्यातून एका तरुण शिक्षिकेनं लिहिलं आहे. गावामागच्या पठारावर गेल्या वर्षी तारांनी ताणलेला एक उंच खांब उभा राहिला. मग चुन्याच्या खुणा आणि खुंट्या आल्या. पवनचक्क्या येणार हे आता सगळे बोलतात, कागद मात्र कुणीच पाहिलेला नाही. तीन गावांतल्या पोरांनी विरोधासाठी गट केला आहे. या बाई त्यांच्याबरोबर पहाटे अंधारात वर जातात, खुंट्यांचे फोटो काढतात, मोठे ट्रेलर कुठून चढतील आणि कुठे अडवता येतील ते हेरतात. लहानपणी आजोबांबरोबर गौळाऊ गाई चारल्यामुळे त्यांना प्रत्येक ढोरवाट पाठ आहे. म्हणून गटानं त्यांना नकाशा मागितला आहे: भूमिपूजनाच्या दिवशी तिन्ही गावांची माणसं कुणाच्या नजरेस न पडता वर कशी पोचतील, याचा. अडचण अशी की त्यांच्या मामानं आपल्या बरडातली दोन एकर जमीन कंपनीच्या माणसाला करारानं दिली आहे आणि त्या पैशांवर मामेबहिणीचं लग्न ठरतं आहे. मामी विचारते, "काहून फिरून राह्यली वं तू त्या टेकडीवर?" त्या लिहितात, "नकाशा दिला तर मामाशी बेइमानी, नाही दिला तर गावाशी. आणि शाळेत स्वच्छ ऊर्जेचा धडा शिकवताना जीभ अडखळते ती वेगळीच." पत्राच्या शेवटी सहज एक ओळ आहे: दुसऱ्या खुंटीजवळच्या डबक्यात मे महिन्यातही पाणी असतं, आजोबा दुपारी गाई तिथेच बसवायचे.

ताई,

तुमच्या पत्रात मला पहिल्यांदा खटकलं ते हे की तुम्ही एका पारड्यात मामा ठेवला आणि दुसऱ्यात गाव. मामा गावाबाहेरचा कधी झाला? ‘गाव’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर गटातली पोरं आहेत. त्यांना विरोध करायचा आहे हे खरं, पण गावाला काय हवं ते अजून कुणी विचारलेलंच नाही, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. ज्यांच्या बरडात खुंट्या आल्या ते, ज्यांची ढोरं वर चरतात ते, ज्यांच्या खालच्या संत्र्याच्या बागेवरून उद्या विजेची लाईन जाईल ते, आणि ज्यांचं पठारावर काहीच नाही पण पोराला राखणदाराची नोकरी लागेल या आशेवर बसलेले, हे सगळे मिळून गाव होतं. तेव्हा गटाला नाही म्हणणं म्हणजे गावाशी बेइमानी, हे गणित मला मान्य नाही.

नकाशा देऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. पण चालणं सोडू नका. चाला, आणखी चाला, फक्त दिवसाउजेडी आणि वेगळ्या कामासाठी.

ते काम कोणतं, हे सांगण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. ती गटातल्या पोरांना माहीत असेल असं वाटत नाही. कोळशाची मोठी खाण किंवा औष्णिक वीज केंद्र यायचं असेल तर पर्यावरण परवानगीच्या आधी जनसुनावणी होते. चंद्रपूर-नागपूरकडच्या लोकांनी अशा सुनावण्या पाहिल्या आहेत. मंडप पडतो, पोलीस येतात, माईकवर लोक भांडतात, आणि जे बोललं जातं ते इतिवृत्तात लिहावं लागतं. त्या सुनावण्या किती मनापासून होतात यावर मी तासभर बोलू शकेन, पण निदान एक दिवस तरी सरकार समोर बसतं. पवनचक्कीसाठी यातलं काहीही नाही. सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे तिच्यात पवनऊर्जा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ मध्ये उद्योगांना प्रदूषणाप्रमाणे रंग वाटले, तेव्हा तिच्या वाट्याला पांढरा रंग आला, म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी. धूर नाही, राख नाही, सांडपाणी नाही. धुराच्या हिशेबानं हे बरोबरच आहे. पण त्यामुळे तुमच्या पठारावर कोण जातं, कधी जातं, कशासाठी जातं, हे विचारायला कुणी साहेब टेबल मांडून बसणार नाही.

म्हणून ते लिहून ठेवण्याचं काम गावावरच येतं. आणि ज्या माणसाला तिथली प्रत्येक ढोरवाट पाठ आहे, त्याच्याकडून गट काय करून घेतो आहे? ट्रेलर अडवायच्या जागा. त्या जागा तर ट्रेलरचा ड्रायव्हरही दाखवील. मे महिन्यात पाणी असणारं डबकं मात्र तोही दाखवू शकणार नाही आणि खुंटी ठोकणाराही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी, जाताजाता लिहिली आहे.

आता त्या खुंट्यांबद्दल. तारांनी ताणलेला खांब म्हणजे वारा मोजायचा खांब. तो बहुतेक ठिकाणी निदान वर्षभर उभा असतो, कारण आपल्याकडे वारा सारा हिशेब पावसाळ्यात चुकता करतो; जून ते सप्टेंबर सोसाट्याचा, नंतर मरगळलेला. खांब उभा राहिला म्हणजे प्रकल्प मंजूर झाला असं नाही. वारा कमी भरला तर तो मुकाट्यानं उतरवलाही जातो. खुंट्यांचंही तसंच. एखादी चक्कीच्या जागेची असेल, एखादी रस्त्याची, एखादी लाईनच्या मनोऱ्याची, आणि एखादी मोजणी खात्याचीही असू शकते. तुम्ही फोटो काढता ते ठीक, पण फोटोत नुसती खुंटी असेल तर तो पुढे कशाच्याही कामाचा नाही. खुंटीवरचा रंग आणि आकडा, मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, तारीख, आणि आजूबाजूला काय आहे ते एका वहीत लिहा. खुंटीला हात लावू नका. गटात एखादा तरी असा असतो, ज्याला वाटतं की दोन खुंट्या उपटल्या की कंपनी घाबरली. कंपनी घाबरत नाही, पोलीस स्टेशनला तक्रार देते, आणि मग गावाच्या प्रश्नाऐवजी पोरांच्या जामिनाची चर्चा सुरू होते.

ट्रेलरचं तुमचं निरीक्षण मात्र वाया जाणार नाही. आजच्या चक्कीचं एकेक पातं साठ-सत्तर मीटर लांब असतं, कधी त्याहून जास्त. ते अख्खंच्या अख्खं यावं लागतं. तुमच्या घाटातल्या वळणावर एसटीला मागे-पुढे करावं लागत असेल, तर तिथे हे पातं वळायला डोंगर कापावा लागेल. वर मोठी क्रेन उभी करायला सपाट ओटा लागतो, आणि एकेका पायव्यात शेकडो घनमीटर काँक्रीट जातं. माझं मत असं आहे की तुमच्यासारख्या खडकाळ पठारावर चक्कीपेक्षा तिचा रस्ता जास्त नुकसान करतो. कारण रस्ता पाण्याचा उतारच बदलून टाकतो. डबक्याकडे येणारी उताराची बाजू कापली गेली तर डबकं शाबूत राहूनही मे महिन्यात कोरडं पडेल. त्यामुळे ‘ट्रेलर कुठे अडवायचा’ यापेक्षा ‘ट्रेलरसाठी काय काय कापावं लागेल’ हे लिहून ठेवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दिवसापुरतं कामाचं, दुसऱ्याचं कलेक्टर कचेरीत, वनखात्यात, गरज पडली तर कोर्टातही.

आणि वरून खाली या. पठारावरची वीज खाली न्यायला लाईन लागते. चक्कीसाठी जमीन द्यायची की नाही हे मालकाच्या हातात असतं. लाईनच्या मनोऱ्याचं तसं नसतं. वीज कायदा २००३ आणि जुना तार कायदा १८८५ यांच्याखाली अधिकार मिळाले असतील तर शेतकऱ्याच्या संमतीशिवायही मनोरा उभा राहू शकतो, त्याला मिळते ती नुकसानभरपाई. म्हणजे ज्यांनी काहीच सही केली नाही, ज्यांना वाटतं हा वरच्या बरडवाल्यांचा मामला आहे, त्यांच्याच कपाशीत आणि संत्र्यात उद्या मनोरे येतील. त्यांना आजच सोबत घ्या.

आता पठार कुणाचं, हा प्रश्न. तुम्ही ‘आमचं पठार’ लिहिता, मामा ‘माझं बरड’ म्हणतो, कंपनीचा माणूस ‘पडीक जमीन’ म्हणत असेल. तलाठ्याकडच्या कागदावर चौथंच काही असण्याची शक्यता मोठी आहे. गावनकाशा काढा, खुंट्यांचे गट नंबर शोधा आणि सातबारे बघा. खासगी, गायरान, राखीव वन, झुडपी जंगल, असे वेगवेगळे तुकडे निघतील. झुडपी जंगल ही आपल्या पूर्व विदर्भाची खासियत; नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर अशा नोंदी आहेत आणि त्यांचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी सांगितलं की या जमिनी वन समजल्या जातील. म्हणजे एखादी खुंटी झुडपी जंगलात असेल तर वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागेल. तो प्रस्ताव ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर दिसायला हवा. शाळेच्या संगणकावर बसून तुम्ही तो शोधू शकता. गायरान असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ आहे, गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर ते बंधनं घालतं.

विदर्भाला आणखी एक गोष्ट वारशात मिळाली आहे, जी पुण्या-साताऱ्याकडच्यांना सांगूनही कळत नाही. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावातल्या बिनताब्याच्या जमिनीवर चराई, सरपण, पाणी, गुरांना जायची वाट, याबद्दल गावाचे काय हक्क आहेत ते या जुन्या नोंदींत असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्यांच्या प्रमाणित नकला मागा. कारकून म्हणेल, "हे काय असते बाप्पा?" तरी अर्ज देऊन पोच घ्या. नाहीच दिल्या तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. तोच अर्ज उपवनसंरक्षकांकडे आणि पुण्याच्या महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेकडेही करा, आणि ग्रामपंचायतीनं ना-हरकत दिली असेल तर त्या मासिक सभेच्या ठरावाची प्रत मागा. पुष्कळ वेळा ना-हरकत आधीच दिलेली असते, आणि सदस्यांनाच ती कशाची होती ते आठवत नाही.

तुमच्या आजोबांच्या गाईंकडे येतो. आर्वी, कारंजा, आष्टी या पट्ट्यातली गौळाऊ आणि तिला सांभाळणारा नंदगवळी समाज ही काही तुमच्या घरातली गोड आठवण एवढीच गोष्ट नाही. हेटीकुंडीला सरकारचं गौळाऊचं पैदास केंद्र आहे, म्हणजे हा पट्टा त्या जातीचा आहे हे सरकारलाही मान्य आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१) मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, स्थिर असो की फिरती. आदिवासी नसलेल्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथं राहून जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. ते कठीण आहे आणि याच पायरीवर पुष्कळ दावे अडकतात. पण पुरावा म्हणून काय चालतं ते याच कायद्याच्या नियम १३ मध्ये वाचा: विहिरी, स्मशान, देवस्थान यांसारख्या जागच्या खुणा, जुनी सरकारी कागदपत्रं, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. जमीन जिथे वन असेल तिथे तुमचं डबकं, गाई बसायचा आखर, वाटेवरचा शेंदूर लावलेला दगड, हे सगळं यात बसतं. गावात वनहक्क समिती आहे का ते आधी विचारा. पुष्कळ गावांत ती कागदावर असते आणि अध्यक्षालाच माहीत नसतं.

मग फेरी कशी काढायची? शिवारफेरी तुमच्या गावाला नवीन नाही, पाणलोटाच्या कामात ती झालीच असेल. तशीच काढा. आधी सांगून, दवंडी देऊन, शाळेच्या फळ्यावर वेळ लिहून. तलाठी आणि वनरक्षकाला पत्र द्या. ते आले नाहीत तरी पत्राची पोच राहते. म्हातारे गुराखी घ्या, त्यांना चालवत नसेल तर बैलगाडी जाईल तिथवर न्या आणि पुढचं त्यांच्याकडून ऐकून घ्या. बाया घ्या, आणि नावाला नाही. मोहफूल, चारोळी, तेंदूपान, सरपण यासाठी पठाराचा जो भाग बाया वापरतात तो पोरांनी कधी पाहिलेलाही नसतो. मामालाही बोलवा. चक्की हवी असणाऱ्यांना मुद्दाम बोलवा, कारण डबकं पाहताना तेही सोबत असतील तर पुढे कुणाला ‘तिथं काही नव्हतं’ म्हणता येणार नाही. वर गेल्यावर भाषणं नकोत. प्रत्येक ठिकाणी थांबून तीनच गोष्टी लिहा: इथे काय आहे, कोण कोणत्या महिन्यात वापरतं, आणि हे सांगणारा कोण. खाली त्याची सही किंवा अंगठा. पावसाळ्यात एक फेरी, हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. एका ऋतूत पाहिलेलं पठार दुसऱ्या ऋतूत ओळखू येत नाही. कुसळी आणि पवन्या ही गवतं पायाला लागतात तेव्हा चराईची किंमत कळते, आणि वैशाखात कळतं की पाणी फक्त एकाच जागी आहे.

पहाटेच्या अंधारात जाणं आजपासून बंद. तुमच्या पट्ट्यातून बोरच्या जंगलाकडचे वाघ ये-जा करतात, बिबट तर घरापर्यंत येतो. आपल्याकडे मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे वाकून फुलं वेचताना माणसं मेली आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही वाकून खुंट्यांचे फोटो काढता. ऊन चांगलं वर आल्यावर निघा, घोळक्यानं चाला, बोलत चाला. विजेचंही भान ठेवा. मृगात आणि परतीच्या पावसात उघड्या पठारावर सगळ्यात उंच गोष्ट तुम्ही असता, किंवा तो लोखंडी खांब. त्याच्याजवळ आडोशाला थांबू नका. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे अॅप मोबाईलवर ठेवा. आणि मार्च ते ऑगस्ट पाय जपून टाका, टिटवी नि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात.

आता गुप्त नकाशा का देऊ नये त्याचं कारण सांगतो, कारण गट तुम्हाला विचारेल. भूमिपूजनाच्या दिवशी पोलीस आधीच असतील. जमावबंदीचा आदेश निघाला असेल. अशा वेळी माणसं चोरवाटेनं वर चढली, तर त्यांच्या हेतूबद्दल काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात जातं. तुमचा नकाशा कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर असणारच, आणि तिथून तो ठाण्यात पोचायला किती वेळ लागतो? नाव तुमचं. तुम्ही शाळेत शिकवता. गुन्हा दाखल झाला तर आधी नोकरीवर गदा येईल, निर्दोष सुटायला मग वर्षं लागतील. शिवाय पवनचक्कीच्या पैशाभोवती कशी माणसं गोळा होतात ते आपण बीडमध्ये पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि तपास यंत्रणेचं म्हणणं असं की पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून ती झाली. तुमच्या गावात असं काही होईल असं मी म्हणत नाही. पण अंधारात, आडवाटेनं, कुणाला न सांगता केलेल्या हालचालीत चांगल्या माणसांच्या मागे कोण चालतंय ते दिसत नाही.

गटातलं कुणी म्हणेल, आष्टीच्या बेचाळीसच्या हुतात्म्यांची ही माती आहे, आम्हाला शिकवू नका. त्यांना सांगा की याच जिल्ह्यात सेवाग्रामही आहे. गांधींनी १९३० साली मीठ उचलण्याच्या आधी, २ मार्चला, व्हाइसरॉयला पत्र लिहून मी काय करणार आहे ते कळवलं, आणि १२ मार्चला निघाले. वाट, मुक्काम, सगळं जाहीर होतं. तुम्हाला भूमिपूजनाच्या दिवशी वर जाऊन बसायचंच असेल तर बसा, तो तुमचा अधिकार आहे; पण तहसीलदारांना आणि पोलिसांना पत्र देऊन, मोठ्या वाटेनं, म्हाताऱ्या बायांच्या चालीनं.

शाळेतल्या धड्याचं म्हणाल तर तुमची जीभ अडखळते हे मला चांगलं लक्षण वाटतं. विदर्भात बसून ‘पवनचक्की वाईट’ म्हणणं सोपं नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, आणि तिथली हवा, राख, उन्हाळा यांबद्दल तिथल्या माणसाला विचारा. त्याला तुमच्या डबक्याचं दुःख थोडं लाडाचंच वाटेल. दुसरीकडे, साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे चक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी दिसले, आणि त्यामुळे सरडे वाढले, त्यांचं वागणंही बदललं. म्हणजे धूर नसलेली गोष्टही पठार बदलते. मुलांना दोन्ही सांगा. सातवी-आठवीच्या पोरांना हे झेपतं. झेपत नाही ते गावातल्या पुढाऱ्यांना.

आणि म्हणूनच, फेऱ्या होईपर्यंत ‘एकही चक्की नको’ किंवा ‘येऊ द्या’ यातलं काहीच ठरवू नका. कदाचित वहीवरून दिसेल की पठाराच्या एका कडेला, खासगी बरडात, घरांपासून आणि पाण्यापासून लांब दोन-चार चक्क्या आल्या तर फारसं बिघडत नाही, पण मधला भाग आणि घाटाचा रस्ता मात्र अजिबात नको. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या घरापासून पाचशे मीटर अंतर सांगितलं आहे. उन्हाळ्यात पठारावर झोपडी टाकून राहणारे गुराखी त्यात धरायचे की नाही, हा प्रश्न तुमच्या गावानं विचारायचा आहे. कदाचित दिसेल की काहीच नको. तेही चालेल. मग त्या ‘नको’च्या मागे पानांची चळत असेल. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी तो एक. त्याच्या आधी कित्येक वर्षं त्या गावात अभ्यासगट बसत होता आणि ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नसे. लोकांना त्यांची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आठवते, अभ्यासगट आठवत नाही.

ग्रामसभेचंही एवढंच सांगतो: तिच्याआधी महिलांची सभा घेणं आपल्या कायद्यात बंधनकारक आहे. ती खरोखर घ्या आणि फेरीची वही तिथे वाचून दाखवा. वनहक्काचा विषय असेल तर निम्मी माणसं हजर लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बाया, नाहीतर ठराव उडतो. चार टाळकी जमवून केलेला ठराव कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला फाडतो.

राहिला मामा. पोरीच्या लग्नासाठी बरड देणारा बाप गद्दार नसतो, आणि सोयाबीनच्या भावानं जे केलं आहे ते पाहता त्या दोन एकरांतून दुसरं काय निघणार होतं, हे तुम्हीही सांगू शकणार नाही. त्याच्याकडे तुम्ही स्वतः जा, गटातलं कुणी जाण्याआधी. मी पठारावर फिरते, का फिरते, आणि तुमचा करार मोडायला फिरत नाही, हे मामीसमोर सांगा. मग तो कागद मागा आणि शेवटपर्यंत वाचा. इंग्रजीत असेल तर मामाला मराठीतून वाचून दाखवा, तेवढं तरी शिक्षिका भाचीनं करायला हवं. विक्री आहे की भाडेपट्टा? किती वर्षांचा? भाडं दर काही वर्षांनी वाढतं का? चक्की नाही आली तर जमीन मोकळी होते का? मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण काढणार? उरलेल्या वावरातून रस्ता द्यायचं कुठे लिहिलं आहे का? आणि सोबत कुलमुखत्यारपत्रावर सही घेतली आहे का? ती घेतली असेल तर दोन एकर दिलेल्या माणसाच्या नावावर पुढे काय काय होऊ शकतं ते तालुक्याच्या वकिलाकडून आजच समजून घ्या.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. मामाकडे प्रत नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघता येते, आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते. तिथे काहीच निघालं नाही, तर मामाच्या हातात आहे तो कंपनीचा करार नाही, एखाद्या दलालाचा कागद आहे, आणि ते मंगल कार्यालयाचं बयाणं देण्याआधी कळलेलं बरं.